गल्ला ज्याच्या हातात, गाडी त्याची

आमच्या घरातल्या तरुण मंडळींचे एक लाडके वाक्य आहे. ओला-उबरविषयी मी काही वाकडे बोललो की पुण्यातला पुतण्या म्हणतो, "काका, कंपनीचा काय दोष? कंपनी फक्त ॲप पुरवते. गाडी ड्रायव्हरची, प्रवास तुमचा." भाचीचे यजमान संगणकवाले. ते 'प्लॅटफॉर्म' असा शब्द वापरतात. आमच्या पिढीला प्लॅटफॉर्म म्हटले की मलकापूरचे स्टेशन आठवते. पण मलकापूरच्या प्लॅटफॉर्मने कधी तिकिटाचा दर ठरवला नाही, आणि तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातही घातले नाहीत!

तर मित्रहो, आजचे लिखाण त्या 'फक्त' या एका शब्दाविरुद्ध आहे. माझे म्हणणे सरळ आहे. जो भाडे ठरवतो, भाड्याचे पैसे आधी स्वतःकडे घेतो, कोणते गिऱ्हाईक कोणत्या ड्रायव्हरला द्यायचे ते ठरवतो आणि मनात आले तर त्या ड्रायव्हरचा धंदा एका रात्रीत बंद करतो, त्याला मध्यस्थ म्हणत नाहीत. त्याला मालक म्हणतात. मालकीचे सगळे हक्क घ्यायचे आणि जबाबदारीची वेळ आली की "आम्ही आपले मध्ये" म्हणायचे, हे आपण फार वर्षे ऐकून घेतले.

मध्यस्थ कसा असतो ते आम्हा धाडकरांना कोणी शिकवायला नको. आमच्याकडे काळी-पिवळी म्हटले की मुंबईची टॅक्सी डोळ्यापुढे येत नाही, जीप येते. कमांडर, ट्रॅक्स. बुलढाण्याकडे, भोकरदनकडे जायचे तर एसटी नसली की हीच. स्टँडवर एकजण गावांची नावे ओरडत सीटा भरतो, गाड्यांचे नंबर लावतो, आणि गाडी भरली की ड्रायव्हरकडून खेपेमागे आपले पैसे घेतो. हा झाला मध्यस्थ. भाडे तो ठरवत नाही. पैसे प्रवाशाच्या हातातून ड्रायव्हरच्या हातात जातात. नंबर कोणाचा हे सगळ्यांना समोर दिसते, आणि मध्ये कोणी घुसला तर तिथेच भांडण होते.

दुसरा मध्यस्थ म्हणजे बाजार समितीतला अडत्या. तो शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक आणतो, पैसे गोळा करतो आणि आपली कपात करून शेतकऱ्याला देतो. म्हणजे आजच्या भाषेत बुकिंग आणि पेमेंट, दोन्ही! पण अडत्याला परवाना लागतो, लिलाव उघड्यावर होतो, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. भाव किती, वजन किती, कपात किती. एवढी बंधने असूनही शेतकरी किती नागवला गेला हे आपण पाहिले आहे. म्हणून तर २०१६ साली सरकारला शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापणे बंद करून ती खरेदीदारावर टाकावी लागली. मग ज्या अडत्याला वर्षानुवर्षे ना परवाना, ना उघडा लिलाव, ना धड पट्टी, त्याने काय केले असेल?

ते समजायचे तर थोडा इतिहास पाहावा लागेल. (मास्तर माणूस, इतिहासाशिवाय पुढे सरकत नाही. चालवून घ्या.)

मुंबईत मोटार टॅक्सी आली १९११ साली. पुढे तिला सरकारी परवाना, ड्रायव्हरला बिल्ला, गाडीला मीटर आणि मीटरला सरकारने ठरवलेला दर, अशी व्यवस्था बसली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, ही तिची ओळख झाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. या व्यवस्थेत दोष होते आणि ते मी लपवत नाही. जवळचे भाडे नाकारणे, मीटरशी खेळ, रात्री मनाला येईल तो आकडा सांगणे. नव्या कंपन्या वाढल्या त्या या दोषांच्या खतावर.

पहिली मोठी म्हणजे मेरू. राज्य सरकारने 'फ्लीट टॅक्सी'ची योजना काढली आणि एप्रिल २००७ मध्ये मेरूच्या वातानुकूलित गाड्या मुंबईत धावू लागल्या. फोन करा, गाडी दारात येईल. उपग्रहावरून जवळची गाडी शोधली जाई, छापील पावती मिळे. गाडी कंपनीची, आणि ड्रायव्हर कंपनीला रोजची ठरलेली रक्कम भरून उरलेले स्वतः ठेवी. हा धंदा ड्रायव्हरला सोपा होता असे नाही. पण मालक कोण, भाडे किती आणि देणे किती, हे तिघांनाही ठाऊक होते.

मग डिसेंबर २०१० मध्ये मुंबईतच ओला सुरू झाली. भाविश अग्रवाल आणि अंकित भाटी, दोघेही पवईच्या आयआयटीचे. सुरुवातीला सहली आणि बाहेरगावच्या गाड्या, नंतर शहरातले भाडे, २०१२ पासून मोबाइलवरचे ॲप. पुढे मुक्काम बंगळूरला हलला. अग्रवाल यांनी जन्मकथा अनेकदा सांगितली आहे. बंगळूरहून बांदीपूरला जाताना भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने वाटेत गाडी थांबवून जास्त पैसे मागितले, तेव्हा ही कल्पना सुचली. गंमत पाहा. भाडे वाटेत बदलले म्हणून जी कंपनी जन्माला आली, तिच्याच धंद्यात पुढे पाऊस आला की भाडे बदलते, गर्दी झाली की बदलते! ड्रायव्हरने केले तर ती अडवणूक, यंत्राने केले तर 'सर्ज'.

तिकडे अमेरिकेत २००९ साली सॅन फ्रान्सिस्कोत उबर जन्मली आणि २०१३ साली बंगळूरमार्गे भारतात आली. इथून पैशाची खरी कथा सुरू होते.

उबरची पद्धत अशी की कार्डाची माहिती एकदा द्यायची आणि प्रवास संपला की पैसे आपोआप कापले जाणार. आपल्याकडे कार्डाच्या ऑनलाइन व्यवहाराला दुहेरी पडताळणी लागते. परदेशातून व्यवहार फिरवला की ती टळत असे. ऑगस्ट २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने, कोणाचे नाव न घेता, हा आडमार्ग बंद करायला सांगितले आणि ऑक्टोबरअखेरची मुदत दिली. तेव्हा केवढा गहजब झाला! नव्या कल्पनांचा गळा घोटला, देश मागे जाणार, वगैरे. आणि झाले काय? नोव्हेंबरमध्ये उबरने पेटीएमशी हातमिळवणी केली. मे २०१५ मध्ये तर हैदराबादेत रोख पैसेही घेऊ लागली. म्हणजे नियम कडक केला की कंपनी पाळते, आणि धंदाही बुडत नाही. "नियम केले तर कंपन्या निघून जातील" असे म्हणणाऱ्यांनी हा धडा जरूर पाठ करावा.

ओलानेही स्वतःचे पाकीट काढले, ओला मनी. आता प्रवाशाचे पैसे प्रवासाच्या आधीच कंपनीच्या घरात! बुकिंगचे दार आणि पैशाचे दार, दोन्हींच्या किल्ल्या एकाच हाती.

या काळात भाडे मात्र स्वस्त होते. रिक्षापेक्षा टॅक्सी स्वस्त, अशी जादू लोकांनी पाहिली. पैसा कुठून येत होता? ऑक्टोबर २०१४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेने आणि सोबतच्यांनी ओलात २१ कोटी डॉलर घातले. मार्च २०१५ मध्ये ओलाने टॅक्सीफॉरशुअर ही स्पर्धक कंपनी सुमारे २० कोटी डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी बंद करून टाकली. मेरूने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की हे तोट्यात विकून आम्हाला मारणे आहे. त्यातले उबरविरुद्धचे दिल्लीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेरीमागे २०४ रुपये तोटा, असा आकडा मेरूने मांडला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने चौकशीला हिरवा कंदील देताना म्हटले की स्पर्धक संपवण्याच्या हेतूखेरीज अशा तोट्याचा अर्थ लागत नाही. पुढे २०२१ साली स्पर्धा आयोगाने उल्लंघन आढळले नाही म्हणून प्रकरण मिटवले, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पण तोवर मेरूची स्थिती काय होती? ती महिंद्र समूहाच्या हाती गेली होती. निकाल लागेपर्यंत खेळ संपलेला होता.

कापसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला हे नवे नाही. खेडा खरेदीवाला पहिल्या वर्षी चढा भाव देतो, काटाही खरा असतो. दुसरा व्यापारी गावात येईनासा झाला की मग काट्याचे काय होते ते बघावे.

ड्रायव्हरांचे तेच झाले. पहिल्या दिवसांत इन्सेंटिव्ह, महिन्याला लाखाच्या गोष्टी. गावोगावच्या पोरांनी कर्जावर गाड्या घेतल्या. मग इन्सेंटिव्ह आटले, कपात वाढली, डिझेल चढले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईचे ॲपवाले चालक संपावर गेले. जुलै २०२५ मध्ये पुन्हा गेले. मागणी काय? काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके तरी भाडे द्या! ज्या काळी-पिवळीला हसत हसत बाजूला सारले, तिचा सरकारी दर आता नव्या ड्रायव्हरांना स्वप्न वाटू लागला.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशी गाडी चालवतो. त्याचे नाव देत नाही, कंपनीचेही देत नाही. घरी दोन एकर कोरडवाहू. आईचे दागिने मोडून गाडीचा पहिला भरणा केला. मागच्या वर्षी एका सकाळी त्याचा आयडी ब्लॉक. कोणा प्रवाशाची तक्रार. कोणता प्रवासी, कोणती तक्रार, काही सांगेनात. कार्यालयात गेला तर "सिस्टीमने केले आहे, वरून बघतील." नऊ दिवस गाडी उभी. बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नाही. मला फोनवर म्हणाला, "सर, वर्गाबाहेर काढताना तुम्ही निदान कारण तरी सांगत होता." यावर मी काय बोलणार?

नातेवाइकांची एक तक्रार नेहमीची. "ड्रायव्हर फोन करून विचारतो, कुठे जायचे, कॅश की ऑनलाइन? आणि मग कॅन्सल करतो." राग येतो, मान्य. पण तो का विचारतो? ऑनलाइन पैसे आधी कंपनीकडे जातात, कपात होऊन त्याच्याकडे नंतर येतात. त्याला डिझेल मात्र आत्ता भरायचे असते. रोख घेतली तर कपात त्याच्या नावावर उधार चढते, पण निदान आजची चूल पेटते. आपल्याला तो उद्धट दिसतो, पण त्याचा गल्ला दुसऱ्याच्या हातात आहे.

आता घरच्या वकिलांचे मुद्दे घेतो.

पहिला मुद्दा: "जुने टॅक्सीवाले लुटायचेच ना?" काही लुटायचे. पण मीटर खोटा असेल तर परवाना दाखवून तक्रार करता येत होती. आज एकाच रस्त्याला एकाच वेळी दोन मोबाइलवर दोन भाडी दिसली तर कोणाकडे जायचे? मीटर तरी काचेतून दिसायचा. हा मीटर कंपनीच्या पोटात आहे.

दुसरा: "बायकांना सुरक्षित वाटते." गाडी कुठे आहे ते घरच्यांना दिसते, ही सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या गाडीत एका तरुणीवर अत्याचार झाला, तेव्हा ड्रायव्हरची पार्श्वभूमी नीट तपासलीच गेली नव्हती हे उघड झाले. दिल्ली सरकारला बंदी घालावी लागली. सुरक्षितता ॲपमुळे आपोआप येत नाही, ती सक्तीने आणावी लागते.

तिसरा: "ड्रायव्हर स्वखुशीने आले, भागीदार आहेत." भागीदार! ज्याला भाव विचारत नाहीत, हिशेब दाखवत नाहीत, काढून टाकताना कारण सांगत नाहीत, तो कसला भागीदार? हाच प्रश्न इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९ फेब्रुवारी २०२१ चा निकाल. न्यायालयाने पाहिले की भाडे उबर ठरवते, अटी उबर ठरवते, फेऱ्या नाकारल्या तर शिक्षा उबर करते, प्रवाशांच्या गुणांवरून डच्चू उबर देते, आणि प्रवासी-ड्रायव्हर यांचा परस्पर संबंध राहू नये याचीही काळजी उबरच घेते. मग हे चालक कामगारच आहेत, त्यांना किमान वेतन आणि भरपगारी रजा हवी. युरोपच्या न्यायालयाने तर २०१७ सालीच म्हटले होते की ही वाहतूक सेवा आहे, नुसते ॲप नव्हे. धाडचा मास्तर म्हणतो म्हणून नका ऐकू, पण त्यांचे तरी ऐका!

आपल्याकडे काय? २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत या कंपन्यांना 'ॲग्रिगेटर' म्हटले आणि व्याख्या केली 'डिजिटल मध्यस्थ'. झाले, 'फक्त'ला कायद्याचा टिळा लागला! तरी त्याच कायद्याने परवाना सक्तीचा केला. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत भाड्यातले किमान ८० टक्के चालकाला, त्याचा आरोग्य विमा, कामाच्या तासांना मर्यादा, असे चांगले कलम होते. पण मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला विचारावे लागले की महाराष्ट्रात या कंपन्या परवान्याशिवाय चालतातच कशा. राज्याचे धोरण आले २०२५ साली. सप्टेंबर २०२५ मध्ये किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे असा मूळ दर धरला गेला. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली संमत झाली, पण अमलात यायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. तिच्यात या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी असे आहे. ओलाच्या जन्मानंतर पंधरा वर्षांनी! आमच्या काळीपिवळीत एक सीट जास्त बसली तर फौजदार त्याच दिवशी पावती फाडतो.

आता नवी टूम निघाली आहे 'झिरो कमिशन'. रॅपिडोने रिक्षांना आणली, फेब्रुवारी २०२५ मध्ये उबरने रिक्षांना लागू केली, जून २०२५ मध्ये ओलाने सगळ्या चालकांना. चालकाने रोजची ठरलेली रक्कम भरायची आणि भाडे स्वतः ठेवायचे. म्हणजे फिरून मेरूच्या २००७ च्या अंगणात! उबरच्या रिक्षात तर पैसे आता थेट चालकालाच द्यायचे. गल्ला त्याच्या हाती आला, याचे स्वागतच आहे. पण फेरी कोणाला द्यायची आणि आयडी कोणाचा बंद करायचा, ती किल्ली अजून कंपनीकडेच आहे. आणि गिऱ्हाईक मिळो न मिळो, रोजचा फाळा भरायचाच. गल्ला दिला आणि जोखीमही त्याच्याच गळ्यात टाकली.

मला वाईट याचे वाटते की सहकाराचा डंका वाजवणाऱ्या महाराष्ट्राला चालकांची स्वतःची बुकिंग संस्था सुचली नाही. प्रवरानगरला १९५० मध्ये शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा करणारी ही भूमी. २०२५ साली अमूल, इफ्को, नाबार्ड यांसारख्या संस्थांच्या पाठबळावर सहकार टॅक्सी को-ऑपरेटिव्ह नोंदली गेली आणि तिच्या 'भारत टॅक्सी'ने दिल्लीतून सुरुवात केली. सहकाराचा स्वाहाकार कसा होतो तेही आपण पाहिले आहे, त्यामुळे मी लगेच नाचायला लागलेलो नाही. पण निदान तिथे चालकाला सभासद म्हणून उभे राहून हिशेब मागता येईल. ॲपपुढे उभे राहून काय मागणार?

माझ्या मागण्या फार नाहीत. अडत्याला लावता तेवढेच यांना लावा. प्रत्येक फेरीची पट्टी प्रवासी आणि चालक दोघांना द्या, म्हणजे प्रवाशाने किती दिले, कंपनीने किती कापले, चालकाला किती पोचले ते दोघांना दिसेल. आयडी बंद करण्याआधी लेखी कारण आणि म्हणणे मांडायची संधी द्या. ऑनलाइन भाडे त्याच दिवशी चालकाच्या खात्यात टाका. यूपीआय २०१६ पासून आहे, भाजीवालीला पाच रुपये क्षणात पोचतात, मग ड्रायव्हरला का नाही? आणि कायद्यातला तो 'मध्यस्थ' शब्द खोडा. भाडे ठरवते ती वाहतूक कंपनी, एवढी साधी व्याख्या पुरे.

पुण्या-मुंबईच्या, आणि साता समुद्रापलीकडच्या माझ्या भाच्या-पुतण्यांनो, गाडी बोलावू नका असे मी म्हणत नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून पुण्यात मीही त्यातच बसतो. फक्त पुढच्या वेळी उतरताना ड्रायव्हरदादांना विचारा, "या फेरीचे तुम्हाला किती आले?" तुमच्या मोबाइलवरचा आकडा आणि त्यांच्या मोबाइलवरचा आकडा शेजारी शेजारी धरून पाहा. दोन्ही आकडे मला कळवा. वेगळे मत असेल तर तेही जरूर लिहा, वादाला मी केव्हाही तयार आहे. मात्र वाद घालताना 'फक्त' हा शब्द वापरायचा नाही, एवढी अट.